नकार देणारा नगराध्यक्ष

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपली दृष्टि प्रथम त्यांच्या अधिकारपदांकडे जाते. ग्रोव्हर क्लीव्हलंड हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष झाले, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्यापूर्वीं एका वर्षाच्या नगरसेवेंत त्यांनीं जें केलें, तें आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें.

त्यांचा जन्म ता. १८ मार्च १८३७ रोजीं न्यू जर्सी संस्थानांत कॉल्डवेल या गांवीं झाला. वडील प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. घरीं नऊ मुलें व प्राप्ति बेताची. १८५३ सालीं वडील वारले आणि ग्रोव्हर यांची कॉलेजांत जाण्याची आशा संपली. न्यू यॉर्क येथील अंधशाळेंत कांहीं काळ साहाय्यक शिक्षकाचें काम करून १८५५ सालीं ते बफलो शहरीं आले. तेथें वकिलांच्या कचेरींत कारकुनी करतां करतां त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला व १८५९ सालीं वकिलीची सनद मिळविली.

१८८२ सालच्या जानेवारींत ते बफलोचे नगराध्यक्ष झाले. त्याच वर्षीं नगरसभेनें रस्ते झाडण्याचा पांच वर्षांचा मक्ता ४,२२,५०० डॉलरांस देण्याचा ठराव केला. वास्तविक दुसरा मक्तेदार तेंच काम लाखाहून अधिक डॉलर कमी घेऊन करण्यास तयार होता! सभासदांनीं जास्त रक्कम मागणाऱ्यास कां पसंत केलें, हें समजण्यास फारशी बुद्धि नको. क्लीव्हलंड यांनीं ठरावास मंजुरी नाकारली व हा लोकांच्या पैशाचा विश्वासघात आहे, असें उघड लिहून कळविलें. पुढें नगरसभेस आपला ठराव फिरवावा लागला.

या कीर्तीमुळें ते १८८३ सालीं न्यू यॉर्क संस्थानचे गव्हर्नर व १८८५ सालीं राष्ट्राध्यक्ष झाले. १८८८ च्या निवडणुकींत पराभव पावूनही १८९३ सालीं ते पुन्हां त्याच पदावर आले. मध्यें खंड पडून दुसऱ्यांदा अध्यक्ष होणारे ते पहिलेच. तसा दुसरा प्रसंग २०२५ सालीं आला.

परंतु नकार हा नेहमींच सोपा सद्गुण नसतो. १८८७ सालीं टेक्सासमधील अवर्षणग्रस्त शेतकऱ्यांस बियाण्यासाठीं १०,००० डॉलर देण्याचें बिल त्यांनीं नामंजूर केलें. सरकारी तिजोरी अशा साहाय्यासाठीं नाहीं, असें त्यांचें मत होतें. मक्तेदारास दिलेला नकार आणि गांजलेल्या शेतकऱ्यास दिलेला नकार हे दोन्ही एकाच निष्ठेंतून निघाले. तरी त्यांची योग्यता सारखी आहे, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

ता. २४ जून १९०८ रोजीं प्रिन्स्टन येथें ते निवर्तले. विद्यार्थिमित्रांनो, भिडेस न पडतां ‘नाहीं’ म्हणण्याचें धैर्य आपण त्यांच्यापासून अवश्य शिकावें. मात्र तो शब्द उच्चारण्यापूर्वीं समोर लोभ उभा आहे कीं गरज, हें नीट पाहावें.