परत न आलेल्या रुग्णाची नोंद

हिंगणघाट

चि. छोटीस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. बैलाच्या शिंगाने पोटाचे स्नायू फाटले, वरची कातडी मात्र जवळपास शाबूत आणि आतडं कातडीखाली येऊन बसलेलं, असा रुग्ण तुमच्या युनिटला आला. शस्त्रक्रिया नीट झाली, फोटो चांगले आले, आणि आता तुला त्यावर केस रिपोर्ट लिहायचा आहे. सेवाग्रामला एम.एस.च्या पहिल्याच वर्षी असं काही समोर आलं की हात शिवशिवणारच. लिही. पण तुझा प्रश्न एवढाच होता की कोणत्या जर्नलला पाठवू, आणि त्याचं उत्तर मी सर्वांत शेवटी देणार आहे.

एका रुग्णावरच्या लिखाणाला हलकं मानणारे लोक तुला भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. १९५२ साली मुंबईच्या डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मोजक्या माणसांच्या रक्ताबद्दल लिहिलं. ते रक्त ए, बी, ओ कशाशीच जुळत नव्हतं. आज जगभरच्या रक्तपेढ्यांत त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात, आणि अशा माणसाला ओ गटाचं रक्त दिलं तरी जिवावर बेततं हे आपल्याला त्या छोट्या लेखामुळे कळलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तर आपल्या नागपूरला शिकलेले. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्रभर बसून लिहून ठेवत: घाम कधी फुटला, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब कधी चढला, फुफ्फुसात पाणी कधी झालं. त्यातूनच त्यांना प्राझोसिन हे औषध सुचलं, आणि १९८६ साली 'लॅन्सेट'ने ते छापलं. पण ते तिथे थांबले नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढे २०११ साली 'बीएमजे'त त्यांची तुलनात्मक चाचणी आली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेले ३५ आणि नुसतं प्राझोसिन दिलेले ३५. दहा तासांत पहिल्या गटातले ३२ बरे झाले, दुसऱ्यातले ८. बिरवाडीच्या रात्रींतून एक शंका निघाली होती. निकाल लागतो तो अशा मोजणीने.

तुझा शिंगाचा रुग्ण शंकेच्या पायरीवर आहे. त्याच्यावरून तू फक्त एवढंच म्हणू शकतेस, की कातडी शाबूत दिसली तरी आतले थर फाटलेले असू शकतात, तेव्हा बोटाने नीट चाचपा, सोनोग्राफी करा. 'ही पद्धत सुरक्षित आणि परिणामकारक आहे' असं शेवटच्या ओळीत लिहायचा मोह होईल. तो आवर. कोणी म्हणाला, यंदा वीस क्विंटल कापूस झाला, की आपण आधी विचारतो, किती एकरात? एका रुग्णाच्या गोष्टीत एकरच नसतात.

आता त्या माणसाविषयी. केस रिपोर्ट कसा लिहावा याची 'केअर' नावाची नियमावली २०१३ पासून आहे, ती तुझे सर तुला देतीलच. रुग्णाची ओळख झाकायची, असं त्यात असतं. पण पुण्या-मुंबईत ओळख झाकणं वेगळं आणि आपल्या जिल्ह्यात वेगळं. तू लिहिशील, 'वर्धा जिल्ह्यातील ४२ वर्षांचा शेतकरी, पोळ्याच्या दिवशी बैलाने शिंग मारले.' नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. तरी त्या तालुक्यातला चहाच्या टपरीवरचा कोणीही माणूस सांगेल तो कोण, आणि बैल कोणाचा होता तेही सांगेल. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी ओढून काही होत नाही. वय 'चाळिशीतला' कर, सण काढून टाक, जिल्हा काढून टाक. शास्त्राचं यात काहीच कमी होत नाही. आणि संमती पुन्हा घे. ऑपरेशनच्या आधी थिएटरच्या दारात घेतलेली सही ऑपरेशनपुरती असते. छापण्यासाठीची वेगळी, मराठीत लिहिलेली, वाचून दाखवलेली, आणि तो घरी जायला निघाल्यावर घेतलेली. खाटेवर पडलेला माणूस डॉक्टरला नाही म्हणत नाही. चप्पल घातल्यावर म्हणू शकतो.

हे झालं तुझ्या केस रिपोर्टपुरतं. आता माझं म्हणणं.

तू तीन वर्षांत असा शिंगाचा रुग्ण एखादाच पाहशील. हर्निया मात्र दर आठवड्याला पाहशील, हायड्रोसील पाहशील, कारण वर्धा हा हत्तीरोगाचा पट्टा आहे. अपेंडिक्स, फुटलेला अल्सर, साप चावून सुजलेला पाय, हे तर रोजचंच. यातल्या कोणत्याही एका नेहमीच्या शस्त्रक्रियेचं पुढे काय झालं, हे आपल्याकडे फार थोडे लोक नीट सांगू शकतात. तुझ्या थिसिसचा विषय अजून ठरायचा आहे ना? मग इनग्वायनल हर्निया घे. विषय जुना आहे म्हणून नाक मुरडू नकोस. महाराष्ट्राच्या दोन सर्जननी याच जुन्या विषयात जगाला नवं काही दिलं आहे.

एक पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा. हर्निया बुजवायची कृत्रिम जाळी न वापरता पोटाच्याच स्नायूआवरणाची पट्टी ओढून दुरुस्ती करण्याची त्यांची पद्धत २००१ साली छापून आली. पुढे पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर ती जाळीच्या शस्त्रक्रियेशी ताडून पाहिली, तीन वर्षं, आणि दोन्ही गटांत हर्निया पुन्हा झालेले रुग्ण दोन-दोनच निघाले. दुसरे धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. कंपनीची जाळी परवडत नाही म्हणून त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि २००३ साली इतर सर्जनच्या साथीने त्याचे निष्कर्ष 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त छापले. बरेच लोक तेव्हा हसले असणार. २०१६ च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये युगांडाची चाचणी आली: ३०२ पुरुष, निम्म्यांना मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, निम्म्यांना कंपनीची. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाला हर्निया पुन्हा झाला, महागड्या गटात कोणालाच नाही. या आकड्यावर जगाने विश्वास ठेवला, कारण वर्षानंतर त्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त माणसं शोधून तपासली होती. युगांडाच्या ग्रामीण भागात हे जमलं. आपल्याला का जमू नये?

इथे आपण फसतो. समज, तू २०० हर्नियांच्या शस्त्रक्रिया मोजल्यास. वर्षानंतर तपासायला १४० आले, त्यांपैकी चौघांना पुन्हा हर्निया. थिसिसमध्ये बहुतेक जण लिहितील, पुनरावृत्ती सुमारे तीन टक्के, ६० रुग्ण संपर्काबाहेर. वाचणारा पुढे जातो. पण ते साठ जण कुठे गेले? सगळे ठणठणीत असतील तर तुझा आकडा दोन टक्के. सगळ्यांना पुन्हा झाला असेल तर बत्तीस. या दोहोंच्या मधे कुठेतरी खरं आहे आणि तुझ्या थिसिसला ते ठाऊक नाही. बरं, न येणारे रुग्ण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात. काही बरे झालेले, त्यांना येऊन काय मिळणार? काही चिडून दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेले. काही रोजंदारीवर जाणारे, ज्यांचा रोज बुडतो. काही मेलेले. तारीख देताना आपण कॅलेंडर पाहतो, शेत पाहत नाही. मृग लागल्यावर पेरणीच्या दिवसांत किंवा दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीत कारंजा-आष्टीकडचा माणूस एसटीने दिवस घालवून तुला पोट दाखवायला यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

जखमेच्या संसर्गाचंही तेच. व्याख्येप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांतला संसर्ग धरायचा, जाळी बसवली असेल तर नव्वद. आणि आपण रुग्णाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी पाठवतो. वॉर्डात टाके कोरडे होते, म्हणून 'संसर्ग नाही' असं लिहिलेली प्रत्येक फाईल खरं म्हणजे अर्धवट फाईल आहे. दहाव्या दिवशी गावातल्या डॉक्टरने टाका सोडून पू काढला असेल तर ते तुझ्या कागदावर येत नाही. मृत्यूचं तर बोलायलाच नको. आपल्याकडे आशा संपली की नातेवाईक म्हणतात, घरी नेतो. कागदावर 'सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज' असं लिहिलं जातं, माणूस वाटेत किंवा ओसरीवर जातो, आणि रुग्णालयाच्या मृत्यूदरात तो कुठेच दिसत नाही. तू करशील त्या अभ्यासात असा प्रत्येक डिस्चार्ज वेगळा मोज आणि तीस दिवसांनी फोन करून विचार. फोन करायला जड जाईल. तरी कर.

गांधीजींचं अपेंडिक्स ठाऊक आहे ना तुला? १२ जानेवारी १९२४, पुण्याचं ससून, कर्नल मॅडॉक, आणि मधेच वीज गेली म्हणून कंदिलाच्या उजेडात पुरी केलेली शस्त्रक्रिया. तुमच्या सेवाग्रामात ही गोष्ट सगळे सांगतात. पण जखम भरायला वेळ लागला, पुढे कित्येक आठवडे जुहूला विश्रांती घ्यावी लागली, हे सांगणारा क्वचित भेटतो. गोष्ट टेबलावर संपते, अशी आपली सवयच आहे.

ही सवय मोडू पाहणाऱ्या अमेरिकन सर्जनचं नाव अर्नेस्ट कॉडमन. बॉस्टनच्या प्रत्येक रुग्णालयाने प्रत्येक रुग्णाचं वर्षभराने काय झालं ते कार्डावर लिहावं, असा त्याचा धोशा. तो काम करत होता त्या मोठ्या रुग्णालयाने ऐकलं नाही, तेव्हा १९१४ मध्ये त्याने तिथली जागा सोडली. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळातले ३३७ रुग्ण त्याने छापून जाहीर केले आणि त्यात १२३ चुका स्वतःच दाखवल्या. त्याचं व्यवसायात नुकसान झालं. तुला एवढं धाडस करायची गरज नाही, पण गुंतागुंत लिहिताना 'किरकोळ' हा शब्द वापरू नकोस. क्लाविएन-डिंडो ही २००४ ची श्रेणी घे: खाटेवर जखम उघडली तर एक, अँटिबायोटिक किंवा रक्त द्यावं लागलं तर दोन, पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं तर तीन, आयसीयू चार, मृत्यू पाच. अशा श्रेणीत कोणाला कोणाची बाजू घेता येत नाही.

तू म्हणशील, मामा, माणसं शोधणार कशी? अगं, तू नेमकी त्या जिल्ह्यात आहेस जिथे हे काम झालेलं आहे. १९५१ साली वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन निघालं आणि डॉ. वार्डेकरांच्या पथकांनी घरोघरी जाऊन कुष्ठरुग्ण शोधले, त्यांना समजावलं, घराजवळच गोळ्या दिल्या आणि कोणी गोळ्या सोडल्या ते वहीत ठेवलं. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार ही ती पद्धत पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने उचलली. तुझं कॉलेज गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी खेड्यासाठी म्हणून काढलं, आणि तिथली मुलं दरवर्षी दत्तक गावात राहायला जातात. डॉ. उल्हास जाजूंनी त्याच भागात कापणीच्या वेळी ज्वारी घेऊन गावकऱ्यांचा आरोग्य विमा चालवला. गावाशी धागा आधीच बांधलेला आहे. तुला फक्त त्यात तुझी दोनशे नावं ओवायची आहेत.

तेव्हा कामाचं सांगतो. भरतीच्या दिवशीच रुग्णाचे दोन फोन नंबर घे, एक त्याचा आणि एक अशा माणसाचा जो नंबर बदलत नाही: किराणा दुकानदार, शाळेचे गुरुजी. गावच्या आशा ताईंचं नाव विचार. मात्र कोणाला काय सांगायचं ते रुग्णालाच विचारून ठरव. हायड्रोसीलची बातमी दुकानावरून गावात पोचली तर तो पुन्हा तुझ्याकडे येणार नाही. पुढची तारीख त्याच्या पेरणी-वेचणीवरून ठरव, शक्य तर बाजाराच्या दिवशी. जो आला नाही त्याच्याकडे तूच जा. नैतिकता समितीकडे अर्ज आधी कर, रुग्ण मोजायला लागल्यावर नाही. फाईल रेकॉर्ड रूममध्ये गेल्यावर त्यातून माहिती काढत बसायचं काम करू नकोस. जे लिहिलंच गेलं नाही ते तिथे सापडत नसतं.

लेखकांच्या यादीत तुझ्याबरोबर गावात फिरलेल्या इंटर्नचं नाव घाल. ज्याने केस पाहिलीच नाही त्याचं नको, मग तो कितीही मोठा असो. हे तुला अवघड जाणार, म्हणून सुरुवातीलाच सरांशी बोलून घे.

आणि जर्नल. ईमेलवर 'आदरणीय डॉक्टर' म्हणून स्वतःहून बोलावणारं, चार दिवसांत स्वीकारणारं आणि स्वीकारल्याबरोबर पैसे मागणारं नको. आपल्या सर्जनांचं 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी' आहे, तिथे पाठव. नाकारलं तर परीक्षकांनी काय लिहिलं ते मला दाखव.

दिवाळीला येशील तेव्हा मला रुग्णांची नावं नकोत, वही रुग्णालयातच राहू दे. फक्त तीन आकडे आण: किती शस्त्रक्रिया झाल्या, किती जण परत आले, किती सापडले नाहीत. तिसरा आधी सांग.

तुझा,
मामा