सॉकेटपर्यंतची चार पावलं

पोलिओनं दोन्ही पाय गेले तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. कॅलिपर आणि कुबड्या तेव्हापासून सोबतीला. हाताच्या लिव्हरवर गाडी चालवतोय त्यालाही पंधरा वर्षं झाली. कवठे येमाईहून शिरूर, कधी पुणं. जुनी गाडी बदलायची ठरली आणि पुतण्यानं डोक्यात भरवलं, "काका, प्लग-इन हायब्रीड घ्या. रोजची धाव विजेवर, लांब जायचं तर पेट्रोल."

1. आधी बाजार बघा. आपल्याकडे प्लग-इन म्हणजे बड्यांचं काम. बीएमडब्ल्यूची एक्सएम 2022 मध्ये आली ती 2 कोटी 60 लाखांना. तेवढ्यात आमच्याकडे लोक बागायती रान घेतील! राहिल्या दोन वाटा: बिनप्लगची स्ट्राँग हायब्रीड, नाहीतर निव्वळ इलेक्ट्रिक.

2. प्लग रोज लावणार कोण? हे मला कुणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. मेहुण्यानं त्याची इलेक्ट्रिक गाडी दोन दिवस ठेवून घ्यायला दिली. धावायला लोणी. पण रात्री पाऊस झाला. गाडीपासून ओट्यावरच्या सॉकेटपर्यंत चार पावलं, ती चिखलातली. केबल खांद्यावर टाकावी तर ती घसरते. सावरायला जावं तर कुबडी सुटते. कसाबसा प्लग बसवला, तर चार्जरवर लाल दिवा. अर्थिंग कमजोर. सकाळी वायरमननं खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओतलं, तेव्हा हिरवा झाला. त्यात शेतीपंप सुरू झाले की आमची ट्यूबसुद्धा मिणमिणते. घरात कायम कुणी हाताशी असेल आणि गाडी छपराखाली सॉकेटला चिकटून उभी राहत असेल, तर इलेक्ट्रिक जरूर घ्या. माझ्याकडे दोन्ही नाही.

3. लिव्हर बसवून देणाऱ्या मिस्त्रीला गाडी पक्की करण्याआधी दाखवा. माझा डावा हात लिव्हरवर असतो, ढकलला की ब्रेक, ओढला की अ‍ॅक्सिलरेटर. उजवा स्टिअरिंगच्या मुठीवर. म्हणून इंडिकेटरची दांडी उजवीकडेच हवी. मारुतीत ती तिथं असते, जर्मन गाड्यांत डावीकडे. एवढ्या एका दांडीवरून मी एक देखणी गाडी सोडली.

4. व्हीलचेअर शोरूममध्ये सोबत न्या. माझी नजर मारुतीच्या ग्रँड व्हिटारावर होती. साध्या गाडीची डिकी 373 लिटरची, स्ट्राँग हायब्रीडची 265. मधली जागा बॅटरी खाते. विक्रेता "आरामात बसेल" म्हणत होता. मी डिकी उघडायला लावली आणि खुर्ची त्याच्याच हातात दिली. नाही बसली. आता ती मागच्या सीटवर आडवी जाते.

5. कागद. अस्थिव्यंगांची जीएसटी सवलत चार मीटरच्या आतल्या गाड्यांना, पेट्रोलला 1200 सीसीपर्यंतच होती. ही हायब्रीड त्यात कधीच बसली नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून तर छोट्या गाड्यांना सरसकट 18 टक्केच जीएसटी आहे, वेगळ्या सवलतीला अर्थ उरला नाही. नोंदणीच्या फॉर्म 20 मध्ये मालकीच्या रकान्यात 'दिव्यांगजन' लिहायला विसरू नका. 2020 पासून ती सोय आहे. लिव्हरची नोंद आरसीवर आणि विम्यातही करून घ्या.

शेवटी हायब्रीडच घेतली. पहिल्यांदा शिरूरच्या पंपावर गेलो, काच खाली केली. पोरगं नळी घेऊन आलं, "काका, झिरो बघा." मग मागचं 'हायब्रीड' वाचून थबकलं.

"ही चार्जिंगची ना? मग पेट्रोल कशाला?"

"तू आहेस म्हणून," म्हटलं, "टाक दोन हजारांचं."