पंगतीमागची माणसे



गुरुजींनी या वेळी 'आपल्या भोवतालचे व्यवसाय' हा विषय दिला. कोणी सुतारावर लिहिले, कोणी शिंप्यावर. मी स्वयंपाकाच्या व्यवसायावर लिहीत आहे, कारण माझे मामा आचारी आहेत.

पंगतीत बसल्यावर आपल्याला फक्त वाढपी दिसतात. उन्हाळ्यात मी मामांबरोबर एका लग्नाला गेले आणि मंडपामागे बसून माणसे मोजली. ४०० माणसांच्या जेवणासाठी १७ जण राबत होते. त्यांची कामे अशी :

१. मुख्य आचारी – १. किराण्याची यादी सांगणे, चव आणि अंदाज पाहणे.
२. मदतनीस – २. भट्टी सांभाळणे, मोठे गंज उतरवणे.
३. भाजी चिरणाऱ्या बाया – २.
४. पोळ्या लाटणाऱ्या व भाजणाऱ्या बाया – ४.
५. वाढपी – ६.
६. भांडी घासणाऱ्या बाया – २.

याशिवाय बिछायतवाला, किराणा दुकानदार आणि भाजीवाला यांनाही त्याच लग्नातून काम मिळाले. एका पंगतीवर किती घरांच्या चुली पेटतात, पाहा!

मी मामांना विचारले, "यात सगळ्यात अवघड काम कोणतं?" मला वाटले, ते बुंदी पाडणे म्हणतील. मामा म्हणाले, "हिसाब, पोरी! भात कोनीबी शिजवते. हिसाब चुकला का सारी मेहनत पान्यात."

मामांचा हिशेब एकदा खरेच चुकला होता. एका गावी ३०० ताटांचे काम ठरले. जेवायला ४५० माणसे आली. मामांनी ऐन वेळी पुन्हा भट्टी पेटवून भात टाकला. कोणी उपाशी गेले नाही. पण पैसे ३०० ताटांचेच मिळाले, कारण सगळे बोलणे तोंडी होते. १५० ताटांची मेहनत फुकट गेली. त्या रात्री मामा जेवले नाहीत, असे मामी सांगते.

आता मामांची वही मी लिहिते. तारीख, गाव, ताटे किती, इसार किती, बाकी किती. खाली दोघांची सही घेतात. मामा सातवीपर्यंत शिकले आहेत, पण वही लिहायला मलाच सांगतात. म्हणतात, "तुहं अक्षर चांगलं हाय."

असाच हिशेब शाळेच्या पोषण आहारातही असतो. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण आहे. समजा ४० मुले हजर आहेत. मग तांदूळ ४ किलो, डाळ ८०० ग्रॅम, भाजी २ किलो. हा आपलाच गुणाकार आहे! २६ ते १०० मुलांसाठी दोन स्वयंपाकी-मदतनीस ठेवण्याचा नियम आहे. म्हणजे हाही रोजगारच.

मुंबईत गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या बाया होत्या. खानावळीचा किराणा भरायला त्यांना सावकाराकडून कर्ज काढावे लागे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बायांना बँकेचे कर्ज मिळू लागले. घरातल्या स्वयंपाकाचा असा धंदा झाला.

या कामाचे शिक्षणही मिळते. दादर येथे यासाठी १९५४ साली सुरू झालेली संस्था आहे. तेथे बारावीनंतर प्रवेश मिळतो. काही आय.टी.आय.मध्ये दहावीनंतर एक वर्षाचा स्वयंपाकाचा अभ्यासक्रम आहे. पुढे हॉटेल, दवाखाना, वसतिगृह, रेल्वे अशा ठिकाणी काम मिळू शकते.

या धंद्यात अडचणही आहे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नसतात. तेव्हा मामा दुसऱ्याच्या शेतात रोजाने जातात. वसतिगृहातल्या स्वयंपाक्याला मात्र पावसाळ्यातही काम असते.

माझा दादा यंदा दहावी झाला. तो म्हणाला, "मी मामाबरोबर वाढपी म्हणून जातो, रोज पैसे मिळतील." आई काहीच बोलली नाही. मामाच म्हणाले, "सुट्टीत ये. पन आधी फॉर्म भर. मले जे कोनी शिकवलं नाही, ते तू शिकून ये." दुसऱ्या दिवशी दादा आणि मामा दोघे मिळून आय.टी.आय.चा फॉर्म भरायला गेले.

पालकांनो, २००६ सालापासून कायद्याने १४ वर्षांखालील मुलाला हॉटेलात किंवा ढाब्यावर कामाला ठेवता येत नाही. आम्हाला आधी शाळेत येऊ द्या. घरची वही मात्र आम्ही आनंदाने लिहू.

आणि मित्रांनो, पुढच्या पंगतीत जेवून उठल्यावर एकदा मंडपामागे जाऊन या. "जेवण चांगलं झालं," एवढे सांगा. मामा म्हणतात, ते ऐकले की पाय दुखायचे थांबतात.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी, आसेगाव