समानार्थी म्हणे!

तुझा मसुदा वाचला गं. व्याकरणाची एकही चूक नाही, तरी तो क्लायंटला जाऊ देऊ नकोस. काम आठवडाभर लांबलं, एवढंच तुला सांगायचं होतं. पण ‘डिले’ तुला फार साधा वाटला आणि अ‍ॅपने शेजारीच ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ दाखवला, म्हणून तू तो उचललास. अगं बाई, डिले म्हणजे उशीर. तो पावसाने होतो, सर्व्हर बंद पडल्याने होतो, कोणी आजारी पडल्याने होतो. प्रोक्रॅस्टिनेशन म्हणजे चालढकल. आमची टीम आठवडाभर टंगळमंगळ करत होती, असं तू स्वतःच्या सहीनिशी कळवायला निघाली होतीस!

लाजू नकोस. मराठी माध्यमातून शिकून हिंजवडी-खराडीत नोकरीला लागलेल्या कितीतरी मुली मला हेच विचारतात, की ताई, इंग्रजीत एका अर्थाचे दहा शब्द, त्यातला घ्यायचा कुठला? मला वाटतं, घोटाळा शाळेतच होतो. ‘समानार्थी शब्द लिहा’ या प्रश्नात सूर्यासमोर रवी लिहा, भास्कर लिहा, नाहीतर दिनकर लिहा, गुण तेवढेच. पण टिळक रोडवर उभं राहून ‘दिनकर काय तापलाय आज’ असं म्हणून बघ. लोक तुला रसवंतीगृहात नेऊन बसवतील.

खरं तर हे कसब तुझ्याकडे आधीपासूनच आहे. आई ‘जेवून घे’ म्हणाली की तू रमतगमत येतेस आणि ‘गिळ आता’ म्हणाली की धावत येतेस, ताट मात्र तेच. आजोबा ‘गेले’, शेजारचे काका ‘वारले’, डास ‘मेला’. यातला एकही शब्द तुला कोणी यादी करून शिकवला नाही. शब्द कोणाच्या तोंडी येतो, कोणाबद्दल येतो, हे ऐकून ऐकून तुला कळलं. इंग्रजीतही तसंच आहे. सांत्वनाच्या निरोपात आपल्याकडे सर्रास ‘एक्स्पायर्ड’ लिहितात. बाहेरच्या माणसाला त्यात मुदत संपलेलं दूध दिसतं. तिथे ‘पास्ड अवे’ लिही. बातमी किंवा अहवाल असेल तर सरळ ‘डाइड’. त्यात काही उद्धटपणा नाही.

एका अर्थाचे इतके शब्द आले कुठून, तर इंग्लंडवर १०६६ साली नॉर्मन लोकांचं राज्य आलं. घरातले शब्द जुन्या इंग्रजीचे राहिले, दरबारातले फ्रेंच झाले, पुढे विद्वानांनी लॅटिन आणलं. म्हणून ‘आस्क’ म्हणजे नुसतं विचारणं, ‘क्वेश्चन’मध्ये जरा जाब आला आणि ‘इंटरॉगेट’ म्हटलं की पोलीस चौकीच आली. आपल्याकडेही पालिकेचं पर्वतीला जलकेंद्र असतं, पण गुरुवारी नळाला येत नाही ते पाणी. ‘आज जल नाही’ असं कोणी म्हणतं का?

आता पुण्यातलीच एक गोष्ट सांगते, म्हणजे हा नुसता मेल सजवण्याचा खेळ वाटणार नाही. साल १८९७. शहरात प्लेग, घरोघरी सोजिरांच्या झडत्या, २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी. त्यानंतर ‘केसरी’तल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. दंडसंहितेच्या तेव्हाच्या कलम १२४ अ मध्ये दोन शब्द होते, ‘डिसअफेक्शन’ आणि ‘डिसअ‍ॅप्रोबेशन’. घाईघाईत भाषांतर केलं तर दोन्हीकडे ‘नाराजी’ खपून जाईल. पण आज्ञा पाळण्याची तयारी ठेवून सरकारच्या एखाद्या धोरणाविषयी डिसअ‍ॅप्रोबेशन, म्हणजे नापसंती, दाखवायला मुभा होती. डिसअफेक्शन चेतवणं हा मात्र गुन्हा होता. मग डिसअफेक्शन म्हणजे नेमकं काय? न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी ज्यूरीला सांगितलं, अफेक्शनचा अभाव, बस्स. सरकारवर प्रेम नसलं तरी पुरे! १४ सप्टेंबरला टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

त्याच सुमाराला सातारा जिल्ह्यातल्या ‘प्रतोद’ पत्राचा खटला मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. तिथल्या पीठावर आपले महादेव गोविंद रानडे होते. त्यांनी लिहिलं की नुसता प्रेमाचा अभाव म्हणजे डिसअफेक्शन नव्हे, त्यात प्रत्यक्ष तिटकारा हवा, सत्ता झुगारण्याकडे झुकणारा. प्रेम नसणं वेगळं आणि वैर असणं वेगळं, हे सासरी नांदलेल्या कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागत नाही. पण स्ट्रॅचींना ते पटलं नव्हतं, आणि त्या एका शब्दाच्या रुंदीवर माणूस तुरुंगात गेला. पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त करून डिसअफेक्शनमध्ये राजनिष्ठा नसणं आणि शत्रुत्वाच्या सगळ्या भावना येतात, असा खुलासा घालण्यात आला.

१८९७च्याच उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथे सांगितलं की झडतीच्या वेळी सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केले. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर आणि बिनशर्त ‘अपॉलजी’ दिली. पुण्यात त्यांना खूप बोलणी खावी लागली. ‘रिग्रेट’ म्हणून निसटता आलं असतं की! पण रिग्रेट म्हणजे झाल्याचं वाईट वाटणं, अपॉलजी म्हणजे दोष आपल्याकडे घेणं. गोखल्यांना या दोन्हींतलं अंतर पुरतं माहीत होतं.

तुझ्या रोजच्या कामात हीच जोडी सर्वांत जास्त लागते, म्हणून इथे थांबते. पुणे स्टेशनवर गाडी उशिरा आली की गैरसोय ‘इज डीप्ली रिग्रेटेड’ असं ऐकू येतं. कोण रिग्रेट करतंय, पत्ताच नाही. वाक्य मुद्दाम तसं केलेलं असतं. चूक तुमची नसेल, पण समोरच्याला त्रास झाला असेल, तर रिग्रेट लिही. चूक तुमची असेल तर ‘आय अपॉलजाइज’ लिही, आणि कशाबद्दल तेही लिही. पण कंपनीच्या वतीने अपॉलजी देण्याआधी मॅनेजरला विचार, कारण करारात त्या शब्दाचे पैसे मोजावे लागू शकतात. ‘सॉरी’ शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीसाठी ठेव. मराठीतही खेद, दिलगिरी आणि माफी अशी ही चढण आहेच, तुला ती नव्याने शिकायची नाही.

आणखी एक खास आपला शब्द. मीटिंगमध्ये ‘आय हॅव अ डाउट’ म्हणू नकोस. आपली ‘शंका’ म्हणजे विचारायचा प्रश्नही असतो आणि अविश्वासही, पण परदेशी माणसाच्या कानात डाउटमधला अविश्वासच आधी शिरतो. ‘क्वेश्चन’ म्हण, काम भागतं. ‘चीप’ आणि ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, ‘फेमस’ आणि ‘नोटोरियस’ या जोड्यांवर मी वेळ घालवत नाही, त्या तुला येतात.

शब्द शोधायचा कसा, तेवढं सांगते. थिसॉरस वाईट नाही, पण डॉक्टर रॉजे यांनी १८५२ साली तो छापला तेव्हा शब्द कल्पनेनुसार मांडले, अर्थ दिलेच नाहीत. ओळखीचा शब्द ऐन वेळी आठवत नसेल तर तो उपयोगी पडतो. अनोळखी शब्द त्यातून उचलायचा नाही. आवडलाच, तर विद्यार्थ्यांसाठीच्या कोशात त्याची उदाहरणं वाच. दोन-तीन वाक्यांत तो कोणाच्या संगतीत दिसतो ते बघ. ती संगत तुझ्या वाक्यात नसेल तर सोडून दे, साधा शब्द लिही. साध्या शब्दाने कोणाची बढती अडल्याचं मी पाहिलेलं नाही.

आणि कधी उलटीकडून जा. मनात आधी मराठी शब्द पक्का कर, मग मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघड. एका मराठी शब्दापुढे तो अनेकदा इंग्रजी शब्दांची रांग लावतो, त्यातून तुझ्या मनातली छटा कुठली ते हाताला लागतं. १९७५ साली पुण्यात त्याचं पुनर्मुद्रण झालं, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. फक्त त्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची आहे आणि इंग्रजीही त्याच काळातलं. छटा समजून घ्यायला वाच, मेलमध्ये तसंच्या तसं उतरवू नकोस.