ट्रॅक्टरचा क्लच जड झाल्यास

गटागटांत फिरताना आम्ही पाहतो, क्लच जड लागला की चालक नुसता जोर लावतात. तसे करू नये. रांगेत क्लच ऐनवेळी सुटला नाही तर भरल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर पुढच्या बैलगाडीवर जाईल.

आधी ट्रॉल्या सोडा, इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा. पेडलचा रॉड सोडवून पेडल दाबून पाहा. अजूनही जडच असेल तर दोष पेडलच्या शाफ्टात. चिखल-गंज काढून ग्रीस भरा. हलके झाले तर दोष पुढे, फोर्क, बेअरिंग किंवा प्रेशर प्लेटमध्ये. ते काम मिस्त्रीचेच. रॉड जोडताना पेडलची मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे ठेवा.

आणि चालवताना पाय क्लचवर टेकवून ठेवू नका. बेअरिंग त्यानेच लवकर झिजते.