पॅड लागून आग होते तेव्हा: बाळंतिणीसाठी खर्चाचा हिशेब

बाळंतपणाच्या तयारीत डिंकाचे लाडू, अळीव, दुपटी, टोपडी सगळं वेळेवर येतं. पॅड मात्र ‘लागतील तेव्हा मेडिकलमधून आणू’ या खात्यात राहतात. मग चार-पाच दिवसांत जांघेत चुरचुर सुरू होते, बसताना आग होते, आणि घरात पुरुषमंडळी असताना हे सांगायचं कुणाला म्हणून बाळंतीण गप्प राहते. हा त्रास बहुतेक वेळा थोडक्या पैशांत आटोक्यात येतो. पैसे वाया जातात ते चुकीच्या क्रीमवर.

बाळंतपणानंतर अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं. सिझेरियन झालं तरी ते चुकत नाही. पहिले तीन-चार दिवस लाल, मग तपकिरी, शेवटी पिवळसर. पाळीत चार-पाच दिवस सोसणारी कातडी इथे सव्वा महिना सतत ओलीत, उबेत आणि घर्षणात असते. शिवाय या दिवसांत खोकताना-शिंकताना थोडी लघवी सुटते, ती पॅडमध्येच मुरते आणि कातडी आणखी लवकर सोलवटते. त्यामुळे जिला आपण ‘पॅडची अ‍ॅलर्जी’ म्हणतो, ती पुष्कळदा नुसती ओलीची करामत असते. पॅडमधल्या सुगंधाची किंवा चिकटपट्टीच्या डिंकाची खरी अ‍ॅलर्जीही असते. पॅडचा प्रकार बदलल्यावर दोन-चार दिवसांत आराम पडला, तर दोष त्या पॅडचा होता असं समजायला हरकत नाही.

पहिला उपाय फुकटचा आहे. स्राव जास्त आहे तोवर दिवसा दर तीन-चार तासांनी पॅड बदला, भिजलेलं नसलं तरी. लघवीनंतर साध्या कोमट पाण्याचा मग पुढून मागे ओता आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्या, पुसू नका. पाण्यात डेटॉल-सॅव्हलॉन टाकण्याची सवय आधी सोडा. सुगंधी साबण, ‘इंटिमेट वॉश’ आणि टाल्कम पावडरही नको. दुपारी बाळ झोपलं की पॅड न लावता, खाली जुनी सुती चादर घडी करून अर्धा तास पडून राहा. घरी शेक-शेगडीचा आग्रह असेल, तर ती धग टाक्यांना आणि सोललेल्या कातडीला लागू देऊ नका.

आता पॅडचा हिशेब. पहिल्या आठवड्यात दिवसाला आठ, पुढचे दोन आठवडे पाच आणि शेवटचे तीन आठवडे तीन असे धरले, तर साधारण 190 पॅड लागतात. पंतप्रधान जनौषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड एक रुपयाला मिळतं, म्हणजे सगळा खर्च 190 रुपये. दुकानातलं मोठं पंखवालं पॅड सात ते बारा रुपयांना पडतं. नऊच्या हिशेबाने 1,700 रुपये. खास बाळंतिणीसाठीचं जाड ‘मॅटर्निटी पॅड’ पंधरा ते तीस रुपयांना. सव्वा महिना तेच वापरलं तर चार हजारांच्या आसपास जाल, आणि त्याची गरज नाही. स्राव जास्त असतो त्या पहिल्या आठवड्यापुरते ते घ्या, पुढे साधे. छापील किमती कंपनीप्रमाणे बदलतात. सॅनिटरी पॅडवर जुलै 2018पासून जीएसटी नाही, तेव्हा बिलावर तो वेगळा लावला असेल तर विचारा.

जाहिरातीतल्या ‘बारा तास संरक्षण’वर माझा अजिबात विश्वास नाही. पॅड बारा तास गळणार नाही, हे एक वेळ खरं असेल. पण बारा तास त्याखाली दबलेल्या कातडीचं काय? एक रुपयाचं पॅड चार तासांनी बदलणं हे पंधरा रुपयांचं पॅड दिवसभर ठेवण्यापेक्षा केव्हाही बरं. निवडताना वरचा थर बघा. जाळीदार प्लॅस्टिकचा थर ओल लवकर खाली ओढतो, पण नाजूक कातडीला घासतो. आग होत असेल तर सुती, मऊ थराचं, बिनसुगंधी पॅड घ्या. कुठलंही पॅड आधी एक छोटा पुडा आणून वापरून बघा, मगच गठ्ठा घ्या.

कापडी पॅड एकेक दीडशे ते साडेतीनशे रुपयांना मिळतं. दहा-बारा तरी लागतील, म्हणजे दोन-अडीच हजार. ती पुढे पाळीतही चालतात. पण ती उन्हात खडखडीत वाळली पाहिजेत. कोकणातल्या आषाढ-श्रावणात किंवा मुंबईच्या बंद खोलीत ते होत नाही, आणि दमट कापडाने खाज वाढते. पावसाळ्यातली बाळंतीण असेल तर हा खर्च करू नका. टॅम्पॉन आणि कप सहा आठवडे वापरायचेच नाहीत.

लावायला काय? मांडीच्या आत आणि जांघेत, जिथे कातडी फुटलेली नाही, तिथे साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर पुरतो. पन्नास रुपयांच्या आतली डबी महिनाभर जाते. बाळासाठी झिंक ऑक्साइडचं रॅश क्रीम आणलंच असेल तर तेही चालतं. टाक्यांवर किंवा आतल्या भागात यातलं काहीही लावू नका. टाके दुखत असतील तर डॉक्टरांना विचारून कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसा. त्यासाठीचा प्लॅस्टिकचा टब अडीचशे ते पाचशेला मिळतो, पण घरातला स्वच्छ धुतलेला पसरट टबही तेच काम करतो.

काउंटरवर ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हटलं की अनेकदा स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब हातात येते. दोन दिवस स्वर्ग वाटतो. मग बुरशी असेल तर ती आतल्या आत पसरते, कातडी पातळ होते आणि शंभराच्या ट्यूबपायी त्वचारोगतज्ज्ञाकडे महिनोन्‌महिने खेपा होतात. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे नाव दिसलं तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. दह्यासारखा पांढरा स्राव, तीव्र खाज, लाल चट्ट्याच्या कडेने बारीक पुटकुळ्या ही बुरशीची लक्षणं असतात. त्याचं औषध वेगळं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

घरगुती उपाय दोन-तीन दिवस करून फरक नाही, तर दवाखाना गाठा. घाण वास, पू, उसवलेले टाके, 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, तासाभरात पूर्ण भिजणारं पॅड किंवा मोठ्या गाठी पडणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण आणि औषधं मोफत आहेत. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीचे उपचारही त्यात येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्याचे पैसे नाहीत. त्या बाळाचं वजन करत असतील तेव्हा आपला त्रासही न लाजता सांगा.