छिद्र लहान, इजा मोठी
(गरम पाण्याच्या प्रेशर मशीनवर काम करणाऱ्या बांधवांसाठी)



काही वर्षांपूर्वी आमच्या बँकेत एक तरुण खातेदार पैसे काढण्यास आला. त्याची सही नमुना सहीशी जुळेना. मी जरा चढ्या आवाजातच कारण विचारले. त्याने उजवा हात काउंटरवर ठेवला. तर्जनी नव्हती. गाड्या धुताना गरम पाण्याच्या गनचे नोझल साफ करीत असता ट्रिगर दाबला गेला होता. टाचणीएवढे छिद्र पडले, रक्तही फारसे आले नाही. मालकाने हळद लावण्यास सांगितले, याने पाळी पूर्ण केली. तिसऱ्या दिवशी बोट काळे पडले. मी त्याची नवी सही घेतली, परंतु मनाची टोचणी गेली नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत आणि शहरातील वॉशिंग सेंटरवर आपले अनेक बांधव कंत्राटी सफाईचे काम करतात. त्यांनी या यंत्राची ताकद जाणून घेतली पाहिजे. घरच्या नळाला थोडाच दाब असतो. साध्या प्रेशर मशीनला १०० ते २०० बार असतो, कारखान्यातील मोठ्या यंत्रांना त्याहून कितीतरी अधिक. कातडी मात्र सुमारे ७ बारच्या बारीक धारेनेही फुटू शकते. आत शिरलेले पाणी साबण, ग्रीस व घाण घेऊन स्नायूंच्या दोरीलगत तळहातापर्यंत पसरते. आत सूज येऊन रक्तपुरवठा बंद पडतो. आरंभी फक्त बधिरपणा जाणवतो, आणि तेथेच माणूस फसतो.

दुसरा धोका उष्णतेचा. ६० अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे ५ सेकंदांत खोलवर भाजते. या यंत्रातील पाणी ८० अंशांच्याही वर जाते.

अपघात झाल्यास पुढील गोष्टी कराव्यात :

१) धार कातडीत शिरली असल्यास छिद्र कितीही लहान असो, ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. छिद्र दाबून पिळू नये. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून काही खाऊ-पिऊ नये. किती दाब होता, पाण्यात काय मिसळले होते व किती वाजता लागले, हे डॉक्टरांना सांगावे.

२) भाजल्यास २० मिनिटे साधे पाणी ओतत राहावे. नळाला पाणी नसेल तर ड्रममधील पाणी मगाने ओतावे. बर्फ, शाई, टूथपेस्ट लावू नये.

३) अपघाताची लेखी नोंद त्याच दिवशी करून घ्यावी.

अपघात टाळण्यासाठी ट्रिगर तारेने बांधून ठेवू नये. नोझल बदलण्यापूर्वी मशीन बंद करून गनमधील दाब सोडावा. पँट गमबुटाच्या बाहेर ठेवावी, अन्यथा गरम पाणी बुटात साठते. साधे रबरी हातमोजे ही धार अडवू शकत नाहीत.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची पायाभरणी त्याच काळात झाली आणि १९४८ साली राज्य विमा कायदा आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा हक्क सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट आहे. विमा लागू असलेल्या कामगारास कामावरील इजेचा लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतो. कंत्राटी कामगारही यात येतो. म्हणून आपला विमा क्रमांक आजच विचारून घ्या.

तथागतांनी सिगालाला उपदेश करताना धन्याची कर्तव्ये सांगितली. सेवकाला शक्तीप्रमाणे काम द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, ही त्यांपैकीच होत. बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्तही आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. बाण कोणी मारला याची चर्चा नंतर, आधी तो काढावा. टाचणीएवढे छिद्र हाही बाणच आहे. हळदीत वेळ घालवू नका, बोट वाचवा.

जयभीम !